दुसऱ्या कडव्यातलं हरीण

दातांच्या डॉक्टरला गाणी रचायचा नाद असावा, यात तसं वाईट काही नाही. अडचण एवढीच, की त्याच्या श्रोत्यांचं तोंड सतत उघडं असतं आणि तरी त्यांना बोलता येत नाही. आमच्या डॉक्टरांनी गेली कित्येक वर्षं आपली गाणी, म्हणजे शब्द त्यांचेच आणि चालही त्यांचीच, अशाच मंडळींना ऐकवली होती. एका गालात कापूस, दुसऱ्या गालात आरसा आणि ओठाला अडकवलेली ती लाळ ओढणारी नळी. अशा अवस्थेत भलाभला रसिकही फार तर "आँ" म्हणतो. डॉक्टर ती दाद धरून चालत. प्रत्येकाला खुर्चीत बसवताना ते बजावत, "दुखलं तर डावा हात वर करा." हात वर झाला की मशीन थांबायचं. गाणं थांबत नसे.

मिटल्या तोंडानं त्यांची गाणी ऐकणारी व्यक्ती जगात एकच होती, ती म्हणजे त्यांची बायको. ती कॉलेजात ग्रंथपाल. तिचा दिवस लोकांना "हळू" म्हणण्यात जायचा, त्यामुळे घरी आल्यावर ती शब्द जपून वापरी. नवं गाणं ऐकवलं की ती "हं" म्हणे. आता हा हं कसला? छान आहेचा हं, पुरे झालंचा हं, की दूध उतू जाईलचा हं? डॉक्टरांनी पुष्कळ अभ्यास केला, पण निदान होईना. शिवाय तिनं त्यांच्या अभिमानाला एक कायमची ठेच देऊन ठेवली होती. स्वतःचे दात ती दुसऱ्याच डॉक्टरला दाखवायची, तोही थेट गावाच्या पार पलीकडच्या टोकाला. "घरच्या डॉक्टरपुढे मोकळेपणानं ओरडता येत नाही," असं ती सांगे. तो दुसरा गात नाही, हे खरं कारण असावं असा डॉक्टरांना संशय होता. पण विचारायची छाती नव्हती.

त्यांच्या सगळ्या गाण्यांत एक गाणं मात्र वेगळं होतं.

"थोडंच राहिलं सये, थोडंच राहिलं,
सांगायचं होतं ते ओठांतच राहिलं."

लग्नाला नुकते काही आठवडे झाले होते. दोघं स्कूटरवरून कुठेसे निघाले आणि झाडीतल्या रस्त्यावर चाक पंक्चर झालं. डॉक्टर पाना घेऊन झटापट करत असताना समोर एक हरीण येऊन उभं राहिलं. "हलू नका," ती कुजबुजली. दोघं तसेच उभे राहिले. त्या क्षणी डॉक्टरांना तिला काहीतरी सांगायचं होतं, फार चांगलं आणि फार खरं. तेवढ्यात हरीण गेलं, मग चाक बसवायचं होतं, मग उशीर झाला होता, आणि मग संसार सुरू झाला. ते सांगायचं राहिलं ते राहिलंच. म्हणून हे गाणं. दुसऱ्या कडव्यात ते हरीण होतं. हे गाणं तिचं आहे, हे डॉक्टरांनी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिनं आपण होऊन ओळखावं, एवढीच त्यांची इच्छा होती. तिनं या गाण्यालाही "हं"च म्हटलं होतं.

तर एके दिवशी दवाखान्याखालचा चष्मेवाला एका गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवता बसवता "थोडंच राहिलं" गुणगुणताना डॉक्टरांनी ऐकला. त्या सकाळी त्यांनी इतक्या आनंदात काम केलं, की एका बाईंचा दात न दुखता निघाला. दुपारी मेहुणा आला, त्याला ही बातमी सांगितली.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. धंदा घरांच्या दलालीचा, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी नावावर असते आणि नसेल तर कुणीतरी ती बळकावतं, अशी त्याची ठाम समजूत.

"भावोजी, ही दाद नाही. ही चोरी आहे," तो म्हणाला. "आज गुणगुणतोय, उद्या म्हणेल माझंच आहे. तुमच्याकडे पुरावा काय?"

"पुरावा? अरे, मी केलंय ते!"

"असं सगळेच म्हणतात. ताबा नंतर, आधी नोंदणी."

नोंदणीचं मेहुण्याला काही माहीत नव्हतं, पण सल्ला देताना त्याला तेवढ्याची गरज कधी पडली नव्हती. त्यानं सांगितलं, की गाणं कागदावर लिहायचं, पाकिटात घालायचं आणि स्वतःलाच पोस्टानं पाठवायचं. पाकीट फोडायचं नाही. वर टपालाचा शिक्का, आत गाणं, खटला उभा राहिला की न्यायाधीशासमोर फोडायचं. डॉक्टरांना ही युक्ती फारच पसंत पडली. आपल्या गाण्यावरून खटला उभा राहतोय, या कल्पनेनंच त्यांना थोडं मोठं झाल्यासारखं वाटलं.

पाकीट आलं तेव्हा डॉक्टर दवाखान्यात होते. संध्याकाळी घरी गेले, तर ते फोडून टेबलावर चहाच्या कपाखाली ठेवलेलं.

"हे कुणी फोडलं?"

"मी," बायको म्हणाली. "तुमच्याच अक्षरात तुम्हालाच पत्र आलंय म्हटल्यावर काळजी वाटली मला. म्हटलं, बघावं तरी स्वतःला काय लिहितात."

"वाचलंस?"

"हं."

त्या हंमध्ये काही सापडतं का, हे डॉक्टरांनी रात्रीच्या जेवणापर्यंत तपासलं. मग कपाचा गोल डाग पडलेला पुरावा खणात टाकला आणि रीतसर नोंदणी करायचं ठरवलं. असल्या पाकिटाला कुणी विचारत नाही, हे तर त्यांना कचेरीत गेल्यावर कळलं.

हक्कनोंदणीची कचेरी एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट होती, ती दुसऱ्यापर्यंतच जायची. खिडकीमागे तपासनीस बाई बसल्या होत्या. चेहऱ्यावर अशी शांती, की जगातलं कुठलंही गाणं त्यांना नाचवू शकणार नाही याची खात्री पटावी. त्यांनी डॉक्टरांचा अर्ज पाहिला आणि विचारलं, "यात नोंदवायचं काय आहे?"

"गाणं."

"गाणं असं नोंदवता येत नाही. शब्द वेगळे, चाल वेगळी आणि गायलेलं वेगळं. प्रत्येकाचा स्वतंत्र अर्ज. शब्द कागदावर, चाल स्वरलिपीत, गायलेलं ध्वनिमुद्रित करून."

डॉक्टरांनी आयुष्यात पुष्कळ दाढा तुकडे करून काढल्या होत्या, पण आपलं गाणं कुणी असं फोडून काढेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते निमूट अर्ज घेऊन वळले, तोच बाईंनी शब्दांच्या कागदावरून मान वर केली.

"या दुसऱ्या कडव्यात हरीण का आहे?"

"का म्हणजे?"

"नाही, नियमात काही अडचण नाही," बाई म्हणाल्या. "सहज विचारलं."

स्वरलिपी म्हणजे डॉक्टरांच्या दृष्टीनं दुसऱ्या ग्रहावरची लिपी. सुदैवानं त्यांच्या घराच्याच इमारतीत तळमजल्यावर पेटी शिकवणाऱ्या बाई राहत. त्यांनी डॉक्टरांना समोर बसवलं, पेटीचा भाता ओढला आणि म्हणाल्या, "म्हणा."

डॉक्टरांनी सुरुवात केली. बाईंनी एक पट्टी धरली, सोडली, दुसरी धरली, मग तिसरी, आणि शेवटी भाता मिटून हात मांडीवर ठेवले.

"डॉक्टर, तुम्ही प्रत्येक ओळीला घर बदलताय. एरवी असंच गाता का?"

"छे! दवाखान्यात अगदी सुरात असतो मी."

हे त्यांनी इतक्या दुखावल्या आवाजात सांगितलं, की बाईंना दया आली. पेटी काखोटीला मारून त्या दवाखान्यात आल्या. डॉक्टरांनी सवयीनं मशीनच्या पेडलवर पाय ठेवला, सूंऽऽ असा आवाज निघाला, आणि काय आश्चर्य, आवाज बराचसा जागेवर आला. बाईंनी पेटीवर शोध घेतला. डॉक्टर इतकी वर्षं दात कोरायच्या मशीनच्या सुरावर गात आले होते. मशीन हाच त्यांचा तानपुरा.

"पण हे सरकतंय जरा," बाई कान देऊन म्हणाल्या. "काळी दोन या पट्टीच्या थोडं वर चढतंय."

"हवेत चढतं. दाढेत घातलं की बसतं," डॉक्टर म्हणाले.

म्हणजे डॉक्टरांना सुरात गायला मशीन हवं, मशीन सुरात यायला दाढ हवी, आणि दाढ एकटी कधी येत नाही, तिच्याबरोबर माणूस येतो. बाईंनी हे ऐकून पेटी उचलली. दाराशी त्या थांबल्या.

"लिपी मी लिहून देईन. चाल गोड आहे हो, खरंच. पण ते हरीण काढा. सगळं गाणं घरातलं, आणि मधेच जंगल येतं."

"हरीण जाणार नाही," डॉक्टर म्हणाले. आयुष्यात एवढ्या ठामपणे ते फक्त "चूळ भरा" म्हणत असत.

ध्वनिमुद्रणाची जबाबदारी मेहुण्यानं घेतली. त्याच्याकडे नवा फोन होता. दाढेसाठी माणूस आयताच मिळाला. शाळेतून निवृत्त झालेले पीटी सर, खालची उजवी दाढ, कीड खोल. पीटी सरांचा आवाज मैदानाच्या त्या टोकाच्या पोराला रांगेत उभं करणारा, पण दातांच्या बाबतीत माणूस अगदी हळवा. मेहुण्यानं फोन निर्जंतुक कापडात गुंडाळून चिमट्यांच्या ट्रेमध्ये ठेवला. सरांना सांगावं की नाही, यावर दोघांची थोडी कुजबुज झाली. सांगितलं तर ते जागरूक होतील आणि नैसर्गिकपणा जाईल, असं मेहुण्याचं मत पडलं.

मशीन दाढेत बसलं. काळी दोन लागली. डॉक्टर त्या दिवशी गायले ते असे गायले, की भिंतीवरचा दातांचा तक्तासुद्धा ऐकत असावा. आणि प्रत्येक ओळ संपली की तिच्या शेपटाला पीटी सरांचं "आँऽऽऽ" येई. लांब, भरदार, पोटातून आलेलं. डॉक्टरांना ते ऐकूच आलं नाही. त्यांना ते कधीच ऐकू येत नसे. गाणं संपलं, डॉक्टर कापूस आणायला वळले, तेवढ्यात पीटी सरांनी तोंडातली नळी काढली, बूट हातात घेतले आणि पळ काढला. दाढ नुसती कोरलेली होती, अजून भरायची होती.

तपासनीस बाईंनी ते मुद्रण कानाला यंत्र लावून, डोळे मिटून, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. डॉक्टर खिडकीशी उभे होते. कुणीतरी मिटल्या तोंडानं आपलं गाणं ऐकतंय, हा अनुभव त्यांना अगदी नवा होता.

बाईंनी डोळे उघडले. "दुसरे गायक कोण?"

"दुसरे?"

"प्रत्येक ओळीनंतर आलाप घेणारे. चांगला आवाज आहे. त्यांचं नाव अर्जात नाही."

"अहो, ते गायक नाहीत. ते पेशंट आहेत!"

"ते कुठल्या कारणानं गातायत, याच्याशी खात्याचा संबंध नाही," बाई म्हणाल्या. "मुद्रणात ज्याचा ज्याचा आवाज, त्याचं त्याचं ना-हरकत पत्र लागतं. सहीनिशी आणा."

"पुन्हा म्हणून आणलं तर?"

"गायक तेच असतील तर चालेल. बदलले तर नवीन अर्ज करावा लागेल. पहिल्यापासून."

पेटीच्या बाईंनी मुद्रण ऐकलं आणि त्याही तेच म्हणाल्या. त्यांच्या मते सरांची ती हाक फार आर्त होती आणि एकंदर गाण्याला तिनंच तोललं होतं. डॉक्टर घरी आले आणि जेवले नाहीत. ज्या माणसानं आयुष्यात एक ओळ रचली नाही, त्याची ओरड खात्यात आलाप म्हणून जमा व्हावी आणि आपल्या हरणाची मात्र चौकशी व्हावी, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. बायकोनं ताटावर झाकण ठेवलं.

आता प्रश्न पीटी सरांना गाठायचा होता. सर डॉक्टरांना लांबून बघताच रस्ता ओलांडत. फोन केला तर, "आता मुळीच दुखत नाही," म्हणून ठेवून देत. घरी गेलं तर सरांच्या सूनबाई दारात येऊन सांगत, "बाबा बाहेर गेलेत," आणि आतून कुणीतरी एका गालानं बिस्किट चावत असल्याचा आवाज येई. शेवटी डॉक्टरांनी त्यांना बागेच्या फाटकाशी गाठलं. सर पळायच्या पवित्र्यात होते.

"सर, दाढेसाठी नाही आलो! सही हवीय. तुम्ही गायलात त्याची."

सर जागच्या जागी थांबले. "मी गायलो?"

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. खात्यानं त्यांना सहगायक ठरवलंय हे कळल्यावर सरांच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते पाहून डॉक्टरांना कळून चुकलं की आपण ही गोष्ट जरा जास्तच सविस्तर सांगितली.

"ऐकवा," सर म्हणाले. बागेतल्या बाकावर बसून त्यांनी मुद्रण पुन्हा पुन्हा ऐकलं. मग घसा साफ केला. "आवाज लागलाय माझा. सहीला हरकत नाही. पण डॉक्टर, माझं नाव ज्या गाण्याला लागणार, त्यात ते हरीण चालायचं नाही. फार पळपुटं जनावर. घोडा घाला."

"घोडा?"

"घोडा. दमदार असतो."

"सर, हे प्रेमगीत आहे!"

"मग काय झालं? घोड्याला मन नसतं?"

डॉक्टर उठले, दोन पावलं गेले आणि परत आले. नोंदणी नाही झाली तर चष्मेवाला आहेच, आणि त्याच्यामागे सगळा गाव आहे. हरीण ठेवलं तर गाणं जातं, गाणं ठेवायचं तर हरीण जातं. बराच वेळ घासाघीस चालली. सर घोड्यावरून बैलावर आले, बैलावरून मोरावर, आणि शेवटी दोघांच्या संमतीनं पाखरावर समझोता झाला. "हरीण आलं, बघून गेलं" अशी जी ओळ होती, तिचं "पाखरू आलं, बघून गेलं" झालं. तेवढ्यासाठी पुन्हा मुद्रण करावं लागलं आणि सरांची अर्धवट दाढ त्या निमित्तानं पुरी झाली. या वेळी सर ठरवून ओरडले, ते पहिल्याइतकं चांगलं झालं नाही. सही करताना मात्र त्यांनी नावापुढे "गायक" असं आपण होऊन लिहिलं. डॉक्टर चालत घरी गेले, आणि वाटेत त्यांना सारखं वाटत होतं, की झाडीतल्या त्या रस्त्यावर कुणीतरी आपली वाट बघत उभं होतं आणि आपण त्याला घरी पाठवून आलो.

यथावकाश प्रमाणपत्र आलं. मेहुण्यानं त्याची चौकट करून आणली आणि खुर्चीत आडव्या पडलेल्या माणसाला बरोबर दिसेल अशी छताजवळ टांगली. चष्मेवाल्याला रीतसर बोलावून ते दाखवण्यात आलं. तो म्हणाला, "अरे, हे तुमचं होय? मला वाटलं, मशीनमधूनच येतं ते." त्याला त्यातला एकही शब्द येत नव्हता. वरून झिरपणारी चाल तेवढी त्यानं उचलली होती. एवढ्यासाठी हरीण गेलं होतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी, दवाखाना बंद व्हायच्या सुमाराला, बायको दारात येऊन उभी राहिली. गालावर हात.

"तुझे ते पलीकडचे डॉक्टर?" डॉक्टरांनी जमेल तेवढ्या कोरड्या आवाजात विचारलं.

"गावाला गेलेत," ती म्हणाली. "आणि नसते गेले तरी आज आलेच असते बहुतेक. बसू का?"

डॉक्टरांनी हात धुतले ते जरा जास्तच वेळ धुतले. तिनं डोकं टेकवलं, वर टांगलेलं प्रमाणपत्र पाहिलं. "दुखलं तर डावा हात वर कर," त्यांनी सांगितलं, आणि आज गायचं नाही असं मनाशी ठरवून पेडलवर पाय ठेवला. पण मशीन दाढेत बसलं, काळी दोन लागली आणि सवयीच्या माणसाचं जे होतं तेच झालं. पहिलं कडवं गेलं. दुसरं सुरू झालं. "वाट थांबली, वारा थांबला, थांबली सावली, पाखरू आलं..."

डावा हात वर झाला.

डॉक्टरांनी मशीन थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा गाणंही थांबवलं. "दुखलं का गं?"

तिनं मानेनंच नाही म्हटलं. मग तोंडातली नळी स्वतः काढली, कापूस काढला, आणि सरळ उठून बसली.

"अहो, हरीण कुठं गेलं?"

डॉक्टरांनी हातातला चिमटा ट्रेमध्ये ठेवला.

"तुला... ते हरीण माहीत आहे?"

"माहीत आहे म्हणजे? मी नव्हते का तिथे?" सुन्न झालेल्या गालामुळे तिचे शब्द एका बाजूनं येत होते. "आणि बघून गेलं वगैरे काही नाही हं. तुम्ही हातातला पाना पाडलात, म्हणून पळालं ते. मी हलू नका म्हटलं होतं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठं विचारलंत? तुम्ही गाऊन झालं की लगेच माझ्या तोंडाकडे असे बघता, जशी काही दाढच काढायचीय. माणूस घाबरून हं म्हणतं." तिनं पुन्हा डोकं टेकवलं. "ते पाखरू काढून टाका. माझं हरीण परत आणा. आणि आता आधी दाढ, मग गाणं."

तिनं तोंड उघडलं. डॉक्टरांना चष्म्यातून नीट दिसेना, म्हणून त्यांनी तो काढून पुसला, तरी दिसेना. शब्द बदलायचे म्हणजे नवा अर्ज. नवा अर्ज म्हणजे नवं मुद्रण. नवं मुद्रण म्हणजे पुन्हा पीटी सर, कारण प्रमाणपत्रावर गायक म्हणून त्यांचंही नाव होतं, आणि सरांना पुन्हा हरणापाशी आणणं. त्यांनी मनातल्या मनात सरांचा जबडा आठवून पाहिला. डाव्या बाजूची वरची दाढ चांगली किडलेली होती.

"थोडंच राहिलं," डॉक्टर बायकोला म्हणाले आणि त्यांनी पेडलवर पाय ठेवला.